न बदलणारं तिकीट

६ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र पोचलं, दुकानाच्या नव्या पाटीचा फोटोही. पाटीवरचा चष्मा एका बाजूला कलला आहे, मालकांना सांग. लोकांचे चष्मे सरळ करणाऱ्यांनी आधी आपला करावा.

आता मुद्द्याचं. दादाला जाऊन दीड वर्ष झालं. तू दिवसभर दुकानात काचा बसवतेस, संध्याकाळी घरी जाऊन एकटी भिंतींशी बोलतेस. नाही म्हणू नकोस, मीही तेच करते. हॉस्पिटलच्या लाँड्रीतून निवृत्त झाल्यापासून मला इस्त्री करायलासुद्धा माझेच चार कपडे उरलेत. तर एप्रिलमध्ये माझ्याकडे ये. महिनाभर राहा. मागची खोली रिकामी आहे, सकाळी तिथे ऊन येतं.

विमान मोठ्या शहरात उतरतं. तिथून माझ्या गावाला रेल्वेनं साडेपाच तास. तिकीट ऐन वेळी काढलं तर डोळे पांढरे होतील, पण बाहेरच्या देशातून येणाऱ्यांना इथली रेल्वे अर्ध्याहून कमी दरात तिकीट देते. अटी तीन. देशाबाहेर असतानाच ऑनलाइन काढायचं, नाव पासपोर्टवर असेल तसंच घालायचं, आणि एकदा काढलं की तारीख बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. पहिली अट अशी असल्यामुळे मी इथून काढू शकत नाही. तुलाच काढावं लागेल. वेबसाइटचं नाव मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलंय. अठरा एप्रिल, दुपारची गाडी, खिडकीची जागा.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपलं गाडं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही. म्हणून चौदा वर्षांचा रिवाज चालू ठेवते. पाकिटावर अजून दुकानाचाच पत्ता घातला, हात तिकडेच वळतो. आता दादापासून लपवायचं काही उरलेलं नाही, तरी.

बेबी
(त्रेसष्ट वर्षांची बेबी. या नावाला आता निवृत्ती द्यायला हवी.)


१९ जानेवारी

प्रिय बेबी,

तुझं पत्र मालकांनी माझ्या टेबलावर काचांच्या डबीखाली ठेवलं होतं. मी आणि विमान. मी आणि परदेशातली रेल्वे. मी आजवर जिथे गेले तिथे ह्यांच्या मागे दोन पावलं चालत गेले, तिकीट ह्यांच्या खिशात. मला डब्याचा नंबरसुद्धा कधी माहीत नसायचा. सहासष्टाव्या वर्षी ही थेरं सुचतात का, असं मनाला विचारलं. मन म्हणालं, सुचतात.

पासपोर्ट आहे. सहा वर्षांपूर्वी ह्यांनी दोघांचे काढले होते. कशाला, म्हटलं, तर ‘असावा घरात’ म्हणाले. छत्रीसारखा.

शनिवारी दुकान बंद झाल्यावर मालकांच्या कॉम्प्युटरवर बसले. वेबसाइट उघडली, आपली भाषा नाही पण चित्रांवरून कळतं. नाव, जन्मतारीख सगळं भरलं. अर्ध्या मिलिमीटरचा स्क्रू बसवणाऱ्या बाईला रकाने भरायला कसली भीती. पण ईमेल घातला आणि गाडी अडली. लाल अक्षरात आलं की, या ईमेलचं खातं आमच्याकडे आधीच आहे. आमच्या घरात ईमेल एकच, ह्यांनी उघडलेला. मी तर या वेबसाइटचं नाव तुझ्या पत्रात पहिल्यांदा वाचलं. तीनदा केलं, तीनदा तेच. मग मालकांना घरी जायचं होतं.

तिकडच्या लोकांना विचारून कळव. आणि एक, तुझ्या चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास? धंद्याची सवय म्हणून विचारते.

तुझी वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

काही विशेष नाही. तू बटण दोनदा दाबलं असशील. पहिल्यांदा दाबलंस तेव्हा खातं उघडलं, दुसऱ्यांदा दाबलंस तेव्हा ते म्हणालं आधीच आहे. माझ्या शेजारणीचंही असंच झालं होतं.

आता असं कर. खाली ‘पासवर्ड विसरलात का’ असं असतं, त्यावर दाब. ईमेलवर एक दुवा येईल, तो उघडून नवा पासवर्ड घाल. बस. पण घाई कर, ही सलत पंधरा फेब्रुवारीला संपते. तुझं पत्र यायला दहा दिवस, माझं जायला दहा दिवस, तेवढ्यात गाडी भरून जाईल. उत्तराची वाट न बघता काढून टाक.

चष्म्याचं काय विचारतेस, चष्मा ठणठणीत आहे. थंडीत हात आखडतात म्हणून अक्षर गचाळ येतं.

मागच्या खोलीला पडदे शिवायला टाकलेत.

बेबी


११ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

तिकीट निघालं. अठरा एप्रिल, दुपारची गाडी, खिडकी. तू सांगितलंस तसंच केलं. दुवा ह्यांच्या फोनवर आला, तो फोन मी अजून दर रविवारी चार्ज करते, विजेच्या बिलाचे निरोप त्यावर येतात.

चुकून दोन जागा निघाल्या. दोघं एकत्र जाणार असतील तर दुसरी जागा जवळजवळ फुकट आहे, त्यामुळे नुकसान काही नाही. बदल करता येत नाही म्हणून तशीच राहू दे.

छापील प्रत सोबत घातली आहे, गाडीची वेळ तुला कळावी म्हणून.

आज फार लिहीत नाही. काचा बऱ्याच साठल्या आहेत.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

कागद मिळाला. वेळ बघायला उघडला आणि पहिल्या ओळीत दादाचं नाव. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. खिडकीशी नेऊन तीनदा वाचलं. खाली तुझं.

‘चुकून’ असं तू लिहिलंस. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर एवढं सगळं चुकून कसं भरलं जातं?

मला राग आला आहे असं समज. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा फोनवर म्हणाला होता, ‘आता येऊ नकोस.’ चार शब्दही नव्हते ते. त्यानंतर बारा-साडेबारा वर्षं तो होता आणि एका ओळीचं पत्र नाही, माझा फोन आला तर तुझ्या हातात देऊन उठून जायचा. तो गेला तेव्हा तू बोलावलंस तरी मी आले नाही, कारण ज्या माणसानं येऊ नकोस म्हटलं त्याच्या दारात तो उठून हाकलू शकत नाही तेव्हा जायचं, हे मला बरं वाटलं नाही. तू ते समजून घेतलंस असं मला वाटत होतं.

आणि आता त्याच्या नावाची जागा माझ्या गावच्या गाडीत. हे मला काय सांगायला केलंस? की तो आला असता? तो आला नसता, वहिनी. तुला एकटीला यायला जड जात असेल तर तसं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. पण असं करू नकोस.

बेबी


५ मार्च

प्रिय बेबी,

चुकून नव्हतं. तुझं बरोबर आहे. मी खोटं लिहिलं. खरं कसं लिहायचं ते सुचत नव्हतं म्हणून तू विचारायची वाट बघत राहिले, तेही खरं. आता सगळं लिहिते. पत्र खिडकीशी बसून वाच, आणि एका दमात वाचू नकोस.

मी बटण दोनदा दाबलं नव्हतं. खातं ह्यांचं होतं. पासवर्ड बदलून आत गेले तर वर ह्यांचं नाव आणि खाली लिहिलेलं की सहा वर्षांपासूनचे ग्राहक. ‘नेहमीचे प्रवासी’ म्हणून एक जागा आहे, तिथे दोन नावं. ह्यांचं आणि माझं. माझी जन्मतारीखसुद्धा बरोबर घातलेली, जी ह्यांना एरवी कधी आठवली नाही. आणि ‘आधीचे प्रवास’ म्हणून दुसरी जागा, तिथे एकच ओळ. पाच वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, नऊ तारीख, तुझ्या गावची दुपारची गाडी, दोन माणसं, सवलतीचं तिकीट, न बदलणारं. शेजारी लिहिलं होतं, वापरलं नाही.

मी दुकानात एकटीच होते. मालक शटर अर्धं खाली ओढून बाहेर उभे होते. मला किती वेळ लागला माहीत नाही, शेवटी त्यांनी आत वाकून विचारलं, ‘बाई, काच फुटली का?’

तुझ्या भावाचा स्वभाव तुला ठाऊक आहे. साखर स्वस्त मिळाली की पोतं आणायचं, चहाचं नंतर बघू. तशीच रेल्वे आधी काढली, सवलत संपत होती म्हणून, आणि विमानाचं नंतर बघू म्हणाले असतील. मग ते नंतर कधी आलंच नाही. मला एका अक्षरानं बोलले नाहीत. पासपोर्ट ‘असावा घरात’ तो याचसाठी.

मी दुकानातली जुनी वही काढून ती तारीख बघितली. मला एक दिवस अंधूक आठवत होता, तो तोच निघाला. मंगळवार. त्या दिवशी दुपारी हे दुकानात आले होते. एरवी कधी येत नसत. इस्त्रीचा शर्ट, चांगले बूट. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, ‘काही नाही, वेळ होता.’ तासभर बसले, मी काचा घासत होते ते बघत. मग उठले आणि घरी गेले. मला वाटलं कुणाला तरी भेटायला निघाले असतील आणि ते माणूस भेटलं नसेल.

आता ती दुसरी गोष्ट, जी मी तुझ्यापासून चौदा वर्षं लपवली. सांगून काय मिळणार, असं वाटायचं. आईंच्या शेवटच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, रजा मिळत नाही. ह्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी कुणाकडून तरी नंबर मिळवून तुझ्या लाँड्रीत फोन केला, तुझ्या वरिष्ठ बाईंना विनवायला. मोडकंतोडकं बोलत होते, मी शेजारी उभी होते. पलीकडून त्या बाई म्हणाल्या, ती तर सोमवारपासून रजेवर आहे.

बेबी, ह्यांना राग आला नाही. ह्यांना आनंद झाला. म्हणाले, ‘निघाली बघ. आपल्याला चकित करायला सांगितलं नाही.’ आत जाऊन आईंच्या कानात सांगितलं, बेबी निघालीये. तीन दिवस रस्त्यावर गाडी थांबली की हे बाहेर. चौथ्या दिवशी आई गेल्या. पाचव्या दिवशी तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, रजाच मिळाली नाही. फोन ह्यांच्या हातात होता. त्यावर ते ‘आता येऊ नकोस’ एवढंच बोलले.

तू का आली नाहीस ते मी आजही विचारत नाही. पण हे सगळं माहीत असून त्या माणसानं नऊ वर्षांनी तुझ्या गावचं तिकीट काढलं होतं, एवढं तुला कळायला हवं.

माझ्या तिकिटाचं म्हणशील तर पडद्यावर दोन्ही नावांपुढे बरोबरची खूण आधीपासून होती. ह्यांच्या नावापुढची मी काढली. मग परत लावली.

मी येते आहे. मीही ह्यांच्यासारखंच केलं, रेल्वे आधी आणि विमान नंतर. पण विमानाचं उद्याच काढते.

तुझी वहिनी


२६ मार्च

बेबी,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पोस्ट उशीर करतं हे मी मनाला सांगते, मन ऐकत नाही. व्हिसा आला. विमानाचं तिकीटही निघालं. मी येणार हे ठरलेलं आहे, तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

आणखी एक बोलायचं राहिलंय. तुझं अक्षर. वर्षभर बघते आहे. ओळी उजवीकडे खाली उतरतात, अक्षरं मोठी होत चाललीत आणि शब्दाच्या मधलं अक्षर गळतं. जानेवारीत तू ‘सवलत’ लिहायला गेलीस आणि ‘सलत’ लिहिलंस. हात आखडला तर अक्षर वाकडं येतं, मधूनच नाहीसं होत नाही. मी चाळीस वर्षं डोळ्यांच्या धंद्यात आहे. चष्मा बदलून जाणारी ही गोष्ट नव्हे. मध्यभागी डाग दिसतो ना? समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा?

खरं लिही. किंवा लिहू नकोस, मी येतेच आहे.

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

तुझं मोठं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. अर्धं कारण डोळे. होय, डाग आहे. डाव्या डोळ्यात मोठा, उजव्यात लहान. दीड वर्षापासून. डॉक्टरकडे एकदा जाऊन आले, त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, ती फ्रिजवर चिकटवून ठेवलीये. एप्रिलमध्ये ये म्हटलं ते नुसतं सोबतीसाठी नाही. तुझा चेहरा मला नीट दिसतोय तोवर तू यावंस असं वाटलं. हे लिहिलं असतं तर तू पुढच्याच गाडीनं धावत आली असतीस, म्हणून पडद्यांचं लिहिलं.

उरलेलं अर्धं कारण तुला माहीत आहे.

रजा मिळाली होती. त्या सोमवारी मी बॅग भरून इथल्या स्टेशनवर गेले. फलाटावर बसले. गाडी आली, मी उठले नाही. म्हटलं पुढची. पुढची आली. संध्याकाळपर्यंत चार गाड्या गेल्या. मग बॅग घेऊन घरी परत. सात दिवस घरात बसून होते, पडदे लावून, शेजारणीला दिसू नये म्हणून.

का, ते सांगते. त्याच्या आदल्या रविवारी फोनवर आईनं मला विचारलं होतं, ‘आपण कोण?’ मी म्हटलं, आई, बेबी. तर म्हणाली, ‘बेबी इथेच आहे, मला भरवतेय.’ ती तू होतीस, वहिनी. तुझ्या हातात चमचा होता आणि तू माझं नाव घेऊन तिला ‘हो’ म्हणालीस, मला ऐकू आलं. तुझा दोष नाही. पण मला वाटलं, मी तिथे गेले आणि तिनं माझ्याकडे बघून ‘आपण कोण’ विचारलं तर मी कुठे उभी राहू. एवढंच. एवढ्यासाठी मी गेले नाही. रजा मिळाली नाही हे खोटं सोपं होतं. चौदा वर्षं मी ते इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं.

दादानं फोन केला होता हे मला माहीत नव्हतं. तो रस्त्यावर जाऊन बघत होता हे मी आता रोज बघते. दाराबाहेर त्याची ती जुनी चप्पल घालून.

तो माझ्यावर रागावला नव्हता, हे कळून मला बरं वाटेल असं तुला वाटलं असेल. बरं वाटलं नाही अजून. पण काहीतरी सैल झालंय. काल रात्री खूप वर्षांनी आई स्वप्नात आली आणि तिनं काही विचारलं नाही.

हे जलद टपालानं टाकते. तू निघायच्या आधी मिळू दे.

बेबी


१८ एप्रिल, गाडीत

बेबी,

तुझं पत्र मला निघायच्या आदल्या दिवशी दुकानात मिळालं. हे उत्तर मी गाडीत लिहिते आहे आणि उतरल्यावर तुझ्या हातात देईन. समोरासमोर आलो की आपण ‘दमलीस का’, ‘बॅग जड आहे का’ एवढंच बोलू, मला ठाऊक आहे.

तो चमचा माझ्या हातात होता हे खरं. ‘हो’ म्हटलं तेही खरं. त्या तुझ्या नावानं दोन घास जास्त खायच्या. मी महिनाभर बेबी होते. तुला हे आधी सांगायला हवं होतं. आईंनी कुणालाच ओळखलं नाही शेवटी, ह्यांनाही नाही. पण तुझं नाव शेवटपर्यंत ओळखलं.

गाडी चांगली आहे. माझी खिडकीची जागा आणि शेजारची ह्यांची. जागेच्या वर छोट्या पट्टीवर नावं उमटलेली आहेत, ह्यांचं आणि माझं, शेजारी शेजारी. लग्नाच्या पत्रिकेनंतर अशी पहिल्यांदाच. तिकीट तपासनीस आले, त्यांनी दुसरे प्रवासी कुठे म्हणून खुणेनं विचारलं. मी मान हलवली. त्यांनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले.

दोन तास मी त्या जागेवर माझी पर्स ठेवून बसले. मग एका स्टेशनवर गाडी भरली. एक बाई माझ्यापाशी येऊन उभी राहिली, चाळिशीची असेल, हातात कुंडीतलं रोप, दिवसभर उभ्यानं काम केल्यासारखा चेहरा. ती पट्टीकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी पर्स उचलली.

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी सफरचंद कापलं, अर्धं तिला दिलं. तिनं रोप मांडीवर घेतलं आणि दहा मिनिटांत झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. ह्यांचं पण प्रवासात असंच व्हायचं, घोरण्यासकट.

फलाटावर मी तुला दिसणार नाही, हे मला माहीत आहे. चेहरे शोधू नकोस, जागची हलू नकोस. घड्याळाखाली उभी राहा. मीच येईन.

वहिनी


२० जून

वहिनी,

तू आखून दिलेल्या जाड रेघांच्या कागदावर, तू आणलेल्या जाड पेननं लिहिते आहे. एका पानावर सात ओळी मावतात. पहिलीत असल्यासारखं वाटतं.

परवा तिसरं इंजेक्शन झालं. तू पहिल्याला बाहेर बसून माझी पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होतीस, ती आठवण काढून तिथली नर्स अजून हसते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही पण आहे ते राहील. चिठ्ठी दीड वर्ष फ्रिजवर ठेवली नसती तर आणखी राहिलं असतं, हे त्यांनी सांगितलं आणि तुझ्याकडून तर मी रोजच ऐकलं.

तू गेल्यावर घर फार नीटनेटकं वाटलं. मला तू आल्याच्या नवव्या दिवसाचा प्रसंग सारखा आठवतो. आपण दोघी चादरींची घडी घालत होतो, तू एक टोक मी एक टोक, आणि चादर धरून जवळ येता येता तू एकदम दादाची नक्कल केलीस. मी फोनवर कशी बोलते याची तो नक्कल करायचा ना, ती. ‘हॅलो, मी बेबी, मला अजिबात वेळ नाहीये, तर झालं असं की...’ म्हणजे फोन तुला देऊन उठून जायचा खरा, पण दाराआड उभा राहून ऐकायचा. तू हे इतक्या सहज सांगितलंस की मी आधी हसले. आपण दोघी त्या चादरीवर बसून हसलो. आठ दिवस त्याचं नाव कुणी काढत नव्हतं, त्यानंतर थांबलोच नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू विचारलंस, माझ्याबरोबर येतेस का. मी नाही म्हटलं. तू पुन्हा विचारलं नाहीस, कपड्यांची घडी घालत राहिलीस. मला तेव्हा खूप बरं वाटलं आणि तू गेल्यावर खूप वाईट.

तर काल मी भिंग घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. अक्षरं चौपट मोठी केली. सकाळी दहाला बसले ते चहा दोनदा गार झाला. विमानतळापर्यंतची रेल्वे, साठीपुढच्यांच्या सवलतीत. मग विमान. वीस ऑक्टोबर, तीन महिन्यांसाठी. इंजेक्शन तुझ्या दुकानाजवळच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात मिळतं का ते विचारून ठेव, डॉक्टर कागद देणार आहेत.

बदलता येणारं तिकीटही होतं, थोड्या जास्त पैशांत. मी ते घेतलं नाही. मला माझं ठाऊक आहे. फलाटावर बसले की माझे पाय उठत नाहीत. म्हणून मुद्दाम न बदलणारं घेतलं, आणि शेजारणीला सांगून ठेवलंय की मला डब्यात बसवल्याशिवाय हलायचं नाही.

आईच्या खोलीत आता काय आहे?

बेबी


१ जुलै

बेबी,

हॉस्पिटलात विचारलं, इंजेक्शन मिळतं. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्याकडूनच चष्मा घेतात, त्यांनी तारीख लिहून घेतली.

आईंच्या खोलीत माझी शिवणाची मशीन होती, ती काल बाहेर काढली. पलंग खिडकीकडे सरकवला आहे. दिव्याचं बटण उशीशी आणायला वायरमन सोमवारी येतो.

तू इथून शेवटची गेलीस तेव्हा आपल्या दाराशी दोन पायऱ्या होत्या. मध्यंतरी रस्ता खोदला आणि आता तीन झाल्यात. खालची जरा उंच आहे, सवय नसलेल्याला कळत नाही. मी तिच्यावर उभी असेन.

वहिनी